विश्लेषण : शंभर सीसीची जुनी मोटरसायकल विकायची की सांभाळायची?

सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या चौकशीला शोरूममध्ये गर्दी झाली. त्याच वेळी घरोघरी दुसराही प्रश्न निघाला. जिन्याखाली, पडवीत किंवा सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेल्या शंभर सीसीच्या जुन्या गाडीचे करायचे काय? बहुतेकदा ती वडिलांची असते. भंगारवाला देतो ती रक्कम ऐकवत नाही आणि वापरायला काढावी तर पंधरा वर्षांचा नियम, इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आणि ‘पार्ट मिळणार नाहीत’ ही भीती आडवी येते. रविवारी सकाळी निवांत चाळीस-पन्नास किलोमीटर फिरून येण्यासाठी मात्र अशा गाडीसारखी सोयीची गाडी दुसरी नाही. ती ठेवायची तर खर्च किती, कष्ट किती आणि धोका कुठे, याचा हा आढावा.

आठ अश्वशक्ती पुरेशी आहे का?

आपल्याकडच्या ९७ ते १०० सीसीच्या गाड्या साधारण साडेसात ते आठ अश्वशक्ती देतात. आजच्या साडेतीनशे सीसीच्या गाडीपुढे हा आकडा किरकोळ वाटतो. पण किती शक्ती लागते हे वेगावर ठरते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मोडून काढायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे ताशी ५० वरून ८० किलोमीटरवर गेलो तर केवळ हवा कापण्यासाठी चौपट शक्ती लागते. सपाट रस्त्यावर ५० च्या वेगाला एकट्या स्वाराचे काम दोन अश्वशक्तीच्या आसपास भागते, तर ८० ला तेच काम सहाच्या घरात जाते. त्यामुळे ४५-५० च्या वेगात छोटे इंजिन आरामात चालते, ८० ला ते जीव तोडून पळत असते. गाडी तीच आणि स्वारही तोच असला तरी इंजिनावरचा भार पूर्ण वेगळा असतो.

घाटाचेही तसेच. मागे माणूस बसलेला असताना आठ टक्क्यांचा चढ ३० च्या वेगाने चढायला ही गाडी पुरेशी आहे. तोच चढ ५० ने चढायचा हट्ट धरला की चौथ्या गिअरमध्ये इंजिन गुदमरते, घरघरते आणि तापते. आठ अश्वशक्ती हा कमाल आकडा असतो आणि तो इंजिन मिनिटाला आठ हजारांच्या आसपास फेरे घेते तेव्हाच मिळतो, हे अनेकांच्या लक्षात नसते. म्हणून चढावर वेळेत खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनाला मोकळे फिरू द्यायचे. वाईहून पसरणी घाट चढताना मी तिसरा गिअर सोडत नाही आणि दोन वळणांवर दुसराही टाकतो. मागून हॉर्न वाजतात. वाजू द्यावेत.

ही इंजिने एवढी टिकतात कशी?

हिरो होंडाची सीडी १०० ही गाडी १९८५ मध्ये आली, तोवर आपल्याकडे राजदूत, येझदी आणि बुलेट या मोटरसायकली आणि १९७२ पासून फिरोदियांची लुना होती. सीडी १०० चे चार स्ट्रोकचे इंजिन आडवे होते, म्हणजे सिलिंडर जवळजवळ जमिनीला समांतर. ५० मिलिमीटरचा बोअर, ४९.५ मिलिमीटरचा स्ट्रोक आणि ९७.२ सीसी. या आडव्या इंजिनाचे घराणे १९५८ च्या होंडा सुपर कबपर्यंत मागे जाते. ती गाडी २०१७ मध्ये दहा कोटींच्या उत्पादनाचा टप्पा ओलांडून गेली. १९९४ च्या स्प्लेंडरनेही हीच मापे पुढे चालवली. एखादे यंत्र इतकी वर्षे त्याच मापात बनत राहिले की त्याची बहुतेक दुखणी माहीत होतात आणि उपायही. तालुक्याच्या गावी कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात या गाडीची क्लचप्लेट, ब्रेकशू, केबल आणि कार्ब्युरेटरचे किट काउंटरखालून निघते. जुन्या गाडीच्या बाजूने याहून भक्कम मुद्दा नाही. बजाजच्या बॉक्सर, सीटी १००, प्लॅटिना या मालिकेचीही बव्हंशी हीच स्थिती आहे. यामाहाच्या दोन स्ट्रोकच्या आरएक्स १०० चे मात्र उलट झाले आहे. ती १९९६ मध्ये बंद झाली, हौशी लोक तिच्यासाठी मोठी किंमत मोजतात आणि अस्सल भाग शोधत फिरावे लागते. निवांत फिरायला म्हणून ती घेऊ नये, तो वेगळा आणि महागडा नाद आहे.

सीडी १०० ची जाहिरात पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची होती. ती पेट्रोलच्या खर्चाबद्दल होती, पण लोकांनी ती सगळ्या गाडीलाच लावली. वास्तविक या इंजिनात ऑईल एक लिटरच्या आतबाहेरच असते. कारमध्ये असतो तसा बदलायचा ऑईल फिल्टर यात नसतो. एक जाळी आणि फिरण्याच्या जोरावर कचरा बाजूला फेकणारी छोटी वाटी, एवढ्यावर भागते. इंजिन थंड करण्याचे काम वाऱ्याबरोबर याच ऑईलला करावे लागते. त्यामुळे पाचशे मिलिलिटर ऑईल जळून गेले तर कारमध्ये फारसे बिघडत नाही, इथे निम्मा साठा संपलेला असतो. ही गाडी खूप सहन करते, पण ऑईलच्या बाबतीत नाही.

कमी चालणारी गाडी जास्त का बिघडते?

रोज तीस किलोमीटर चालणाऱ्या दूधवाल्याची गाडी वर्षानुवर्षे कुरकुर करत नाही आणि महिन्यातून एकदा निघणारी हौशी माणसाची गाडी दर वेळी रुसते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. माझ्या वडिलांची गाडी दोन पावसाळे वाईच्या घरी उभी होती. बाहेर काढली तेव्हा किक मारून पोटरी दुखायची वेळ आली. मेकॅनिकने कार्ब्युरेटर खोलला तर तळाशी हिरवट-पिवळा चिकट थर होता आणि पायलट जेटच्या बारीक छिद्रातून उजेड दिसत नव्हता. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल राहते, त्यातले हलके घटक उडून जातात आणि मागे हा चिकटा उरतो. उपाय अगदी साधा आहे. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचे. वाटी रिकामी होते आणि जेट बुजत नाही. हे मी त्या दिवशी शिकलो, तेही मजुरी दिल्यावर.

उभ्या गाडीचा दुसरा शत्रू ओल. आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून जागेवर पाच मिनिटे चालवली म्हणजे ती ‘राहते’, असा समज आहे. त्याने फायद्यापेक्षा नुकसानच होते. इंजिन पुरते तापत नाही, ज्वलनातून निघालेली वाफ आतच पाणी होऊन ऑईलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठते. सायलेन्सर आतून गंजून खालून भोक पडण्याचे हे एक मोठे कारण. सुरू करायचीच तर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी, नाहीतर उभी राहू द्यावी. बॅटरीचेही असेच आहे. जुन्या गाडीत ती उतरली तरी किकवर भागते. पण १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आले. टाकीतला पेट्रोल पंप विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर अशा अनेक गाड्यांत किकही कामाला येत नाही. महिनाभर गावी जाणार असाल तर बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवून ठेवावी.

टायर हा तिसरा विषय आणि त्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते, कारण कमी चाललेल्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते. रबर मात्र वयाने कडक होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबराला बारीक भेगा दिसू लागल्या की नक्षी कितीही असो, तो टायर ओल्या रस्त्यावर भरवशाचा नाही. या गाड्यांचे टायर आधीच सायकलपेक्षा थोडे जाड, त्यामुळे इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

इथेनॉलमुळे जुनी गाडी बाद होते का?

आता पंपांवर सर्रास मिळणारे ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर आणि धातूचे भाग ते गृहीत धरून बनवले जातात, आधीच्या गाड्यांचे नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा जुन्या धाटणीच्या दुचाकींचे इंधन ३ ते ४ टक्के जास्त जाईल असे म्हटले होते. म्हणजे लिटरला साठ देणारी गाडी दोन-अडीच किलोमीटर कमी देईल. महिन्याला दीडशे-दोनशे किलोमीटर फिरणाऱ्याने त्याची चिंता करू नये.

खरा प्रश्न रबराचा आणि पाण्याचा आहे. इथेनॉल जुन्या नळ्या, ओ-रिंग आणि गॅस्केट यांना फुगवते किंवा ठिसूळ करते. शिवाय ते हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे पेट्रोल महिनोन्महिने टाकीत पडून राहिले तर तळाला पाणी जमून टाकी गंजू शकते. यावर पेट्रोलची नळी बदलणे, कार्ब्युरेटरचे रबरी किट नवे टाकणे आणि पेट्रोल जुने होऊ न देणे, एवढे पुरेसे ठरते. नळी किरकोळ किमतीची वस्तू आहे, पण ती गळली तर खाली तापलेले इंजिन असते. म्हणून जुनी गाडी पुन्हा वापरात काढताना पहिला खर्च हाच करावा, रंगरंगोटी नंतर.

घरच्या घरी काय करता येते?

दहा ते सतरा नंबरचे पाने, एक प्लगपाना, दोन स्क्रूड्रायव्हर आणि एक पसरट जुने भांडे एवढ्यावर बरेच काही होते. ऑईल बदलणे सर्वात आधी शिकावे. गाडी पाच-दहा मिनिटे चालवून आणायची, खालचा नट सोडायचा, काळे ऑईल पूर्ण गळू द्यायचे, नट पुन्हा बसवायचा आणि पुस्तिकेत दिलेल्या मापानेच नवे भरायचे. नट आवळताना जोर आवरावा लागतो, कारण इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे असते आणि आटे गेले की दहा रुपयांचे काम हजारात जाते. ऑईल मोटरसायकलचेच हवे, डब्यावर जासो एमए असा शिक्का पाहून घ्यावा. या गाड्यांचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो, कारचे ऑईल टाकले तर तो घसरायला लागतो. किती किलोमीटरने बदलायचे यावर कंपनीची पुस्तिका आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक यांचे कधीच एकमत होत नाही. हौशी वापरात तो वाद गैरलागू ठरतो. वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटरच होत असतील तर वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, ऑईल बदलावेच. जुने ऑईल गटारात न ओतता गॅरेजमध्ये द्यावे.

चेनला पेटीतल्या पेटीत धूळ आणि गंज लागतो. गाडी मधल्या स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, हाताने मागचे चाक फिरवत ९० नंबरचे ऑईल सोडावे. इंजिन चालू ठेवून चेन पुसण्यात लोकांची बोटे गेलेली आहेत. चेन साधारण दोन-तीन सेंटिमीटर वरखाली हलली पाहिजे. फार ताणलेली चेन सैल चेनपेक्षा वाईट, ती बेअरिंग खाते.

प्लग काढून त्याचा रंग पाहणे ही जुनी पण उपयोगी सवय. तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे, पांढराफट्ट असेल तर मिश्रण विरळ होऊन इंजिन तापते आहे. काळा आणि तेलकट असेल तर ऑईल वर चढत आहे, तेव्हा मेकॅनिककडे जावे.

टॅपेट मात्र पहिल्यांदा जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावा. तो रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच सेट करायचा असतो. हातातले काम लवकर उरकायचे म्हणून गरम इंजिनावर पाना लावणारा मेकॅनिक भेटला तर गाडी सकाळी घेऊन यायला सांगावे, किंवा मेकॅनिक बदलावा. टॅपेट थोडा वाजतो म्हणून मालक अस्वस्थ होतो आणि ‘आवाज बंद करा’ म्हणतो. गरजेपेक्षा आवळलेल्या टॅपेटचा आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. थोडा वाजणारा टॅपेट परवडतो.

पंधरा वर्षांनी गाडी भंगारात काढावीच लागते का?

नाही. हा गैरसमज दिल्ली आणि परिसरातल्या निर्बंधांच्या बातम्यांमुळे पसरला आहे. महाराष्ट्रात खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पण तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली तर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क दुचाकीला १,००० रुपये आहे आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरील दुचाकीसाठी ते २,००० रुपये झाले. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी २,००० रुपये. म्हणजे सतरा वर्षांची गाडी पाच वर्षे ठेवायला तीन हजार आणि पंचवीस वर्षांची ठेवायला चार हजार. वर्षाला सहाशे ते आठशे रुपये पडतात. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा २०२२ च्या दरानुसार वर्षाला ७१४ रुपये अधिक कर. पीयूसी बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी काढावी लागते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे, तिचे दुचाकीचे ४५० रुपये अधिक जीएसटी.

पैसे खऱ्या अर्थाने जातात ते उशिरात. नोंदणीची मुदत उलटली की केंद्रीय नियमांनुसार दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये जादा आकारणी होते. तीन वर्षे विसरलेली गाडी दहा हजारांहून अधिकचा भुर्दंड अंगावर घेऊन बसते, म्हणजे बहुधा गाडीच्या बाजारभावाइतका. म्हणून कापड उचलून गाडी पाहण्याआधी आरसी बुकावरची तारीख पाहावी.

गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर आणखी एक गोष्ट. मृत्यूनंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून वारसाला ती तीन महिने वापरता येते आणि त्या मुदतीत नमुना ३१ भरून ती आपल्या नावावर करायची असते. दुःखाच्या दिवसांत हे कोणाच्या लक्षात राहत नाही. पण नावावर नसलेल्या गाडीचा अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात कुटुंबाची अवस्था बिकट होते. गाडी ठेवायची की नाही याचा निर्णय झाला नसला तरी हे काम आधी करावे.

ती कुठे चालवावी आणि कुठे नाही?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर दुचाकीला बंदीच आहे. प्रश्न उरतो चौपदरी-सहापदरी राष्ट्रीय महामार्गांचा. तिथे ट्रक ७०-८० ने चालतात. ५० ने जाणाऱ्या मोटरसायकलकडे संकट आले तर वेग वाढवून निसटण्याची ताकद नसते, ही या गाडीची सर्वात गंभीर मर्यादा आहे. त्यात जुन्या गाडीचा दिवा इंजिनाच्या गतीबरोबर मंदावतो, म्हणजे वळणावर वेग कमी करावा तेव्हाच उजेड कमी. सूर्यास्तानंतर महामार्गावर ती नेऊ नये. पुढे-मागे ड्रमब्रेक असतात. ओढ्याच्या पाण्यातून गेल्यावर ते काही वेळ धरत नाहीत, तेव्हा हलके दाबत चालवून सुकवून घ्यावे लागतात. घाट उतरताना क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडणे म्हणजे सगळा भार त्या दोन ड्रमवर टाकणे. पेट्रोल वाचवण्यासाठी लोक अजूनही हे करतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरावे.

तिच्या खऱ्या वाटा वेगळ्या आहेत. भोरहून वरंध घाटाने शिवथरघळीकडे, ताम्हिणीच्या आतल्या गावांतून, किंवा कोकणात सागरी मार्गाने. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींतून गाडी खाडी ओलांडते. दोन खाड्यांच्या मधला रस्ता अरुंद आणि वळणांचा असल्याने तिथे मोठ्या इंजिनालाही चाळीसच्या पुढे जाता येत नाही. नऊ-दहा लिटरच्या टाकीत पाचशे किलोमीटर निघतात, त्यामुळे पंप शोधत बसावे लागत नाही. पंक्चर झाले तर ट्यूबचा टायर कोणत्याही गावात निघतो.

परतल्यावर मात्र त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी धुवावी, कितीही थकवा असला तरी. फेरीच्या फळीवरचे खारे पाणी स्पोक, सायलेन्सरचे जोड आणि चेनच्या पेटीत शिरलेले असते. धुऊन झाली की दोन किलोमीटर चालवून ब्रेक सुकवावेत, चेनवर ऑईल सोडावे, पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडू द्यावे आणि मग कापड टाकावे.